कंपनीवर पेटंटची केस पडली, शेअर विकायचा का?

२४ ऑगस्ट २०१२, शुक्रवार. कॅलिफोर्नियातल्या न्यायालयात ज्यूरीने, म्हणजे निकालासाठी निवडलेल्या सामान्य नागरिकांच्या पंचमंडळाने, निकाल दिला, की सॅमसंगने अॅपलची पेटंट मोडली आहेत आणि त्यापोटी तिने सुमारे १०५ कोटी डॉलर भरावेत. सोमवारी सोलचा बाजार उघडला तेव्हा सॅमसंगचा शेअर साडेसात टक्क्यांनी कोसळला. एका दिवसात कंपनीच्या बाजारमूल्यातले सुमारे १,२०० कोटी डॉलर उडाले. भरपाई एक रुपया धरली, तर भागधारकांचं नुकसान अकरा रुपयांहून जास्त.

सॅमसंगला १०५ कोटी डॉलर जड नव्हते. बाजाराला धास्ती दुसरीच होती. अॅपल आता सॅमसंगच्या फोनांची अमेरिकेतली विक्री बंद करायला सांगणार हे सगळ्यांना दिसत होतं, आणि त्याच सोमवारी अॅपलने आठ मॉडेलांची यादी कोर्टापुढे ठेवलीही. डिसेंबरमध्ये न्यायाधीशांनी ती मागणी फेटाळली. भरपाईची रक्कम पुढे अनेकदा बदलली, फेरसुनावण्या झाल्या, प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन परत आलं आणि जून २०१८ मध्ये दोन्ही कंपन्यांनी आपसात मिटवून टाकलं. ज्या बंदीच्या भीतीने लोकांनी सोमवारी शेअर विकले, ती बंदी आलीच नाही.

आपल्या बेळगाव, खानापूर, निपाणी भागात मोबाईलवर डिमॅट खातं उघडलेले आता पुष्कळ आहेत. पलटणीतून निवृत्त झालेला जवान, हायस्कूलचे सर, उद्यमबागेतल्या कारखान्यात सीएनसीवर (संगणकावर चालणाऱ्या यंत्रावर) काम करणारा पोरगा, सगळे शेअरबद्दल बोलतात. अमुक कंपनीला कोर्टाचा दणका अशी बातमी आली की लगेच प्रश्न येतो, "केस पडलीय म्हणे, विकून टाकू काय?" कंपनीचे कागद इंग्रजीत, सरकारी कागद कन्नडमध्ये, आणि मराठीत हाती लागतो तो बहुतेक वेळा मथळ्यातला आकडा. त्या आकड्याने माणूस एक तर घाबरतो, नाही तर हुरळतो. कष्टाचा पैसा मथळा वाचून इकडचा तिकडे होऊ नये, एवढ्यासाठी हे सविस्तर लिहितो आहे. माझं म्हणणं असं: पेटंटच्या खटल्यात भरपाईचा आकडा सगळ्यात शेवटी बघा. कोर्ट विक्री थांबवू शकतं का, आणि थांबवली तर कंपनीच्या उत्पन्नातला किती भाग थांबतो, हे आधी बघा.

पेटंट हा मुळात एक व्यवहार आहे. शोध लावणाऱ्याने तो शोध जगापुढे उघड करायचा, आणि त्या बदल्यात सरकारने त्याला ठरावीक काळ मक्तेदारी द्यायची. भारतातला पेटंट कायदा १९७० चा. मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं. पेटंटच्या कागदात पानंच्या पानं वर्णन असतं, आकृत्या असतात, पण कोर्टात भांडण होतं ते शेवटी दिलेल्या क्लेमवरून, म्हणजे नेमका कशावर हक्क आहे हे सांगणाऱ्या कलमांवरून. जमिनीच्या खरेदीखतात चतुःसीमा लिहिलेली असते, पूर्वेस अमक्याचं शेत, पश्चिमेस गाडीवाट, तसे हे क्लेम असतात. जमीन किती कसदार आहे हे चतुःसीमा सांगत नाही, बांध कुठून कुठे जातो तेवढंच सांगते. क्लेममध्ये पाच गोष्टी लिहिल्या असतील आणि समोरच्याच्या मालात त्या पाचही सापडल्या, तर पेटंटभंग. चारच सापडल्या, तर सहसा नाही. म्हणूनच या खटल्यांत वकील एकेका शब्दाचा कीस पाडतात, आणि निकाल कुठे जाईल हे बाहेरून सांगणं इतकं कठीण असतं.

पेटंट असलेली वस्तू मालकाच्या परवानगीशिवाय बनवणं, वापरणं, विकणं, विकायला मांडणं किंवा आयात करणं, यांतलं काहीही केलं तरी भंग होतो. "आम्ही कुणाचं चोरलं नाही, स्वतःच्या डोक्याने केलं" हा बचाव चालत नाही. भारतीय कायद्यात थोडी सूट आहे: असं पेटंट आहे हे माहीत नव्हतं आणि माहीत असण्याचं काही कारणही नव्हतं, हे सिद्ध केलं तर भरपाई द्यावी लागत नाही. पण मनाई हुकूम मात्र तरीही येऊ शकतो. म्हणजे निष्पाप माणसाचा दंड वाचतो, धंदा वाचेलच असं नाही.

दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची. पेटंट कार्यालयाने पेटंट दिलं म्हणजे ते पक्कं झालं, असं आपला कायदा मानत नाही. ज्याच्यावर दावा पडतो, तो जवळजवळ हटकून उलट म्हणतो की हे पेटंटच रद्द करा, यात नवीन काही नाही. त्यामुळे एका खटल्यात दोन लढाया चालतात. भंग झाला का, आणि पेटंट मुळात टिकतं का. बातमीत बहुधा पहिलीच येते.

आपल्या भागाला यंत्राची भाषा नवी नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली सायकलचं दुकान काढलं ते बेळगावातच. आज उद्यमबाग, मच्छे, होनगा इथल्या फाउंड्र्या आणि मशीन शॉप गाड्यांचे सुटे भाग, हायड्रॉलिक्सचा माल घडवतात, आणि हत्तरगीच्या एसईझेडमध्ये (विशेष आर्थिक क्षेत्रात) विमानांचे भाग बनतात. म्हणून उदाहरण इंजिनाचंच घेऊ.

बजाज ऑटोने जुलै २००२ मध्ये पेटंटचा अर्ज केला. लहान सिलिंडरच्या इंजिनात दोन स्पार्क प्लग बसवून कमी पेट्रोलचं मिश्रण नीट जाळायचं, असा तो शोध. पल्सरवर आपण डीटीएस-आय ही अक्षरं वाचत आलो, ती याच तंत्राची. २००७ मध्ये टीव्हीएसने फ्लेम ही १२५ सीसीची मोटरसायकल आणली. तिच्यातही दोन प्लग होते. टीव्हीएसचं म्हणणं असं, की आमच्या इंजिनाला तीन व्हॉल्व्ह आहेत आणि तंत्रज्ञान ऑस्ट्रियाच्या एव्हीएल या कंपनीचं आहे, बजाजच्या पेटंटशी त्याचा संबंध नाही. बजाज मद्रास उच्च न्यायालयात गेली. फेब्रुवारी २००८ मध्ये न्यायालयाने टीव्हीएसला तात्पुरता मनाई हुकूम दिला. खटल्याचा निकाल लागलेला नव्हता, साक्षीपुरावे व्हायचे होते, तरी नवी गाडी ठरल्या रूपात विकता येईना. टीव्हीएसला ती एका प्लगवर आणावी लागली.

मे २००९ मध्ये त्याच न्यायालयाच्या द्विसदस्यीय पीठाने हा हुकूम उठवला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. सप्टेंबर २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टीव्हीएसला गाडी विकायला मोकळीक दिली, मात्र विक्रीचा चोख हिशेब ठेवायला सांगितलं. त्याचबरोबर एक कळकळीची गोष्टही न्यायालयाने नोंदवली: आपल्याकडे पेटंट आणि ट्रेडमार्कचे दावे वर्षानुवर्षं पडून राहतात आणि दोन्ही बाजू फक्त तात्पुरत्या मनाईवरूनच भांडत बसतात. मूळ दावा लवकर निकाली काढा, असा आदेशही दिला. एवढं होऊनही दोन्ही कंपन्यांनी वाद मिटवला तो २०१९ मध्ये. ज्या पेटंटवरून भांडण, त्याची २० वर्षं जुलै २०२२ ला संपणारच होती.

या प्रकरणात गुंतवणूकदाराने बघण्यासारखी तारीख फेब्रुवारी २००८ ची आहे. मोटरसायकलच्या बाजारात नवं मॉडेल यायला मुहूर्त असतो. दसरा-दिवाळीचा हंगाम असतो, जाहिरात झालेली असते, डीलरांनी आगाऊ नोंदणी घेतलेली असते. पंधरा महिन्यांनी हुकूम उठला, तोवर गिऱ्हाईक दुसऱ्या शोरूममध्ये गेलेलं असतं. टीव्हीएस तरली, कारण फ्लेम ही तिच्या अनेक गाड्यांपैकी एक होती. ज्या कंपनीची एकच गाडी असते तिचं काय झालं असतं, याचा विचार करा.

तसं उदाहरणही आहे. ब्लॅकबेरी बनवणारी कॅनडाची आरआयएम ही कंपनी. एनटीपी नावाच्या, स्वतः काहीच न बनवणाऱ्या अमेरिकी कंपनीने तिच्यावर २००१ मध्ये दावा लावला. फोनवर ईमेल पोचवण्याच्या पद्धतीची पेटंट एनटीपीकडे होती. आरआयएमचा सगळा धंदाच त्या एका सेवेवर उभा. खटला पुढे सरकला आणि अमेरिकेत ब्लॅकबेरीची सेवाच बंद पडण्याची वेळ आली. त्याच काळात अमेरिकेचं पेटंट कार्यालय एनटीपीची पेटंट पुन्हा तपासत होतं आणि ती टिकणार नाहीत असे निर्णयही देऊ लागलं होतं. तरी मार्च २००६ मध्ये आरआयएमने ६१ कोटी २५ लाख डॉलर मोजले आणि मोकळी झाली. सौदा जाहीर झाल्यावर तिचा शेअर उसळला. एवढे पैसे गेले तरी भाव वर का, हे ज्याला कळलं त्याला हा विषय निम्मा कळला. बाजाराने दुकान बंद होण्याची भीती भावातून काढून टाकली होती.

कोडॅकला ती भीती खरी झालेली बघावी लागली. फोटो काढताच लगेच हातात देणाऱ्या कॅमेऱ्याची पेटंट पोलरॉइडची. कोडॅकने तसाच कॅमेरा १९७६ मध्ये आणला, पोलरॉइडने त्याच वर्षी दावा लावला, आणि जवळपास दहा वर्षांनी, जानेवारी १९८६ मध्ये, कोडॅकला तो व्यवसाय गुंडाळावा लागला. फिल्म बनवायलाच बंदी आल्यामुळे लोकांकडचे दीड कोटीहून जास्त कॅमेरे निकामी झाले. पैशांचा हिशेब आणखी पाच वर्षांनी, १९९१ मध्ये मिटला, तो ९२ कोटी ५० लाख डॉलरवर.

उलट अॅपलच्या घड्याळाचं बघा. रक्तातला ऑक्सिजन मोजण्याच्या तंत्रावरून मॅसिमो या वैद्यकीय उपकरणांच्या कंपनीने तक्रार केली, आणि डिसेंबर २०२३ मध्ये, ऐन नाताळात, अॅपलला अमेरिकेतल्या आपल्या दुकानांतून दोन घड्याळांची विक्री थांबवावी लागली. बंदी खरी होती, नुसती धमकी नव्हती. पण अॅपलच्या उत्पन्नात आयफोन निम्म्याच्या आसपास आणि घड्याळ त्या मानाने लहान. काही दिवसांनी अपील न्यायालयाकडून तात्पुरता दिलासा मिळाला, आणि जानेवारी २०२४ मध्ये अॅपलने ऑक्सिजनची सोय काढून टाकलेली घड्याळं विकायला सुरुवात केली. भागधारकाला त्याची झळ जाणवलीही नसेल. बंदी ब्लॅकबेरीवरही लटकत होती आणि घड्याळावर तर आलीच. फरक धंद्यातल्या वाट्याचा होता.

भारतात मोबाईलच्या बाबतीत कोर्टाने तिसराच मार्ग काढलेला दिसतो. डिसेंबर २०१४ मध्ये एरिक्सन या दूरसंचार कंपनीच्या दाव्यावर दिल्ली उच्च न्यायालयाने शाओमीच्या फोनांची विक्री आणि आयात थांबवली. काही दिवसांतच ज्या फोनांत क्वालकॉम या अमेरिकी कंपनीची चिप आहे ते विकायला परवानगी दिली, पण दर फोनमागे १०० रुपये न्यायालयात जमा करण्याच्या अटीवर. यात एक बारीक मुद्दा आहे. फोनने टॉवरशी बोलायचं तर ठरलेले नियम पाळावे लागतात, आणि त्या नियमांमध्येच एरिक्सन, नोकिया, क्वालकॉम यांची पेटंट गुंतलेली असतात. ती चुकवून फोन बनवताच येत नाही. म्हणून अशा पेटंटच्या मालकाने वाजवी आणि सगळ्यांना सारख्या अटींवर परवाना द्यावा, अशी अपेक्षा असते. भांडण होतं ते वाजवी म्हणजे किती, यावर. अशा खटल्यात कंपनी बंद पडण्याची भीती कमी, पण दर फोनमागचा नफा कायमचा थोडा घटतो. आधीच कमी नफ्यावर फोन विकणाऱ्या कंपनीला हे चांगलंच लागतं. मार्च २०२४ मध्ये याच न्यायालयाने लावा कंपनीला एरिक्सनला सुमारे २४४ कोटी रुपये द्यायला सांगितले. तो वाद २०१५ पासूनचा.

दावा लावणाऱ्याच्या बाजूनेही शेअर हलतात. अॅपल आणि क्वालकॉम यांचं भांडण दोन वर्षं जगभर चाललं आणि १६ एप्रिल २०१९ ला अचानक मिटलं. त्या एका दिवसात क्वालकॉमचा शेअर २३ टक्क्यांनी वर गेला. त्याच दिवशी, अॅपलला मोडेम (फोन नेटवर्कशी जोडणारी चिप) पुरवणाऱ्या इंटेलने ५जी फोनच्या मोडेमचा धंदा सोडत असल्याचं जाहीर केलं. त्या खटल्यात इंटेल पक्षकार नव्हती, तरी तिच्या एका विभागाचं भवितव्य त्यात अडकलं होतं. आपल्याकडे असलेल्या शेअरची कंपनी खटल्यात नाही म्हणून निर्धास्त राहू नये, ते यासाठी. तिचा मुख्य गिऱ्हाईक किंवा पुरवठादार खटल्यात आहे का, तेही बघावं लागतं.

पण दावा जिंकणाऱ्या कंपनीचा शेअर मोठ्या रकमेच्या आशेने घेणाऱ्यांना मी मनापासून सांगतो, थांबा. ज्यूरीचा किंवा पहिल्या कोर्टाचा आकडा शेवटपर्यंत टिकतोच असं नाही. सेंट्रिपेटल नावाच्या लहान कंपनीने २०२० मध्ये सिस्को या नेटवर्किंग उपकरणांच्या बड्या कंपनीविरुद्ध तब्बल १९० कोटी डॉलरचा निकाल मिळवला. पुढे उघड झालं की न्यायाधीशांच्या पत्नीकडे सिस्कोचे १०० शेअर होते, किंमत ४,६८७ डॉलर ९९ सेंट. न्यायाधीशांनी ते स्वतः होऊन पक्षकारांना सांगितलं, ते शेअर एका ट्रस्टमध्ये ठेवले, आणि निकाल तर सिस्कोच्या विरोधातच दिला होता. तरी २०२२ मध्ये अपील न्यायालयाने तो निकाल रद्द केला, कारण नियम सोपा आहे: हितसंबंध असेल तर शेअर विकायचा किंवा खटला सोडायचा. दुसऱ्या न्यायाधीशांपुढे प्रकरण गेलं आणि २०२३ अखेरीस सिस्को जिंकली. १९० कोटींचे शून्य झाले. कुठल्याही विश्लेषकाला हे वळण आधी दिसलं नसतं.

भारतीय गुंतवणूकदाराच्या जवळचं उदाहरण टीसीएसचं. तो खटला पेटंटचा नव्हता, व्यापारी गुपितांचा होता, पण पैशाचा प्रवास अगदी तसाच. एपिक सिस्टीम्स या कंपनीच्या दाव्यात एप्रिल २०१६ मध्ये अमेरिकी ज्यूरीने ९४ कोटी डॉलरचा निकाल दिला. तो कमी होत होत २८ कोटी डॉलरवर आला, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने टीसीएसचं अपील ऐकायला नकार दिला. टीसीएसने सप्टेंबर २०२० च्या तिमाहीत १,२१८ कोटी रुपये आणि डिसेंबर २०२३ च्या तिमाहीत ९५८ कोटी रुपये खर्ची टाकले. साडेसात वर्षांत, दोन हप्त्यांत. २०१६ च्या मथळ्यावरून हिशेब करणाऱ्याने तिप्पट नुकसान गृहीत धरलं असतं.

हे हप्ते कुठे दिसतात ते प्रत्येक भागधारकाला माहीत असायला हवं. वार्षिक अहवालाच्या पुढच्या रंगीत पानांवर ते नसतं. मागे, हिशेबाच्या टिपांमध्ये जा. हिशेबाचा नियम असा आहे: खटल्यात पैसे द्यावे लागण्याची शक्यता न लागण्यापेक्षा जास्त असेल आणि रकमेचा अंदाज बांधता येत असेल, तर कंपनीने आजच तेवढी तरतूद करून नफ्यातून वजा करावी. द्यावे लागतीलही आणि नाहीही, अशी स्थिती असेल तर नफ्याला हात लावायचा नाही, फक्त टिपेत लिहायचं. त्या टिपेला कंटिन्जंट लायबिलिटीज असं शीर्षक असतं. शक्यता फारच दूरची असेल तर तेही नाही. शक्यता किती, हे ठरवते कंपनीच. आणि सविस्तर माहिती दिल्याने खटल्यातली आपली बाजू पडते असं वाटलं, तर तपशील मोघम ठेवायची मुभाही कंपनीला असते. म्हणून मी एका वर्षाची टीप वाचून थांबत नाही, मागच्या वर्षांच्या टिपा शेजारी ठेवतो. मागच्या वर्षी टिपेत असलेला खटला यंदा तरतुदीत आला, तर कंपनीच्या वकिलांचं मत बदललंय हे त्यातून कळतं, आणि ते बातमीच्या कितीतरी आधी कळतं.

शेअरबाजारात नोंदलेल्या कंपनीला महत्त्वाचे खटले बाजाराला कळवावे लागतात. सेबीच्या (शेअरबाजाराच्या नियामक संस्थेच्या) नियमात त्यासाठी मर्यादा आखून दिली आहे: उलाढालीच्या २ टक्के, निव्वळ मालमत्तेच्या २ टक्के, किंवा तीन वर्षांच्या सरासरी नफा-तोट्याच्या ५ टक्के, यांतली जी रक्कम सर्वांत कमी. अपेक्षित परिणाम त्याहून मोठा असेल तर कळवणं भाग. ही निवेदनं बीएसई आणि एनएसईच्या संकेतस्थळावर कंपनीच्या नावाखाली फुकट वाचता येतात. आयपीओला, म्हणजे कंपनीच्या पहिल्या शेअरविक्रीला, अर्ज करणार असाल तर माहितीपत्रकात चालू खटल्यांचं स्वतंत्र प्रकरण असतं. ते आणि जोखमींचं प्रकरण, एवढं वाचल्याशिवाय तरी पैसे अडकवू नका. निदान दोन गोष्टी हुडका: दावा कोणत्या उत्पादनावर आहे, आणि त्या उत्पादनातून किती टक्के उत्पन्न येतं. ज्यांची गुंतवणूक म्युच्युअल फंडाच्या एसआयपीत आहे, त्यांनी एखाद्या कंपनीच्या खटल्याने झोप उडवून घेण्याचं कारण नाही. पन्नास-साठ कंपन्यांत तो धक्का विरून जातो.

आता कारखानदारांसाठी. आपल्याकडचे कितीतरी लोक गुंतवणूकदारही आहेत आणि व्हेंडरही, म्हणजे मोठ्या कंपन्यांना भाग पुरवणारे. कायद्यात नुसतं बनवणं हाही भंग आहे, हे वर आलंच. मोठ्या कंपनीने ड्रॉइंग दिलं, आपण त्याप्रमाणे भाग घडवून दिला, आणि तो भागच दुसऱ्या कुणाच्या पेटंटमध्ये बसत असेल, तर दावा लावणारा आपल्यालाही प्रतिवादी करू शकतो. ड्रॉइंग पार्टीचं (ऑर्डर देणाऱ्या कंपनीचं) होतं, एवढं सांगून सुटका होत नाही. शिवाय मॉडेल थांबलं की आपल्याला मिळणारं मालाचं शेड्यूल थांबतं. तयार डाय, पॅटर्न, उचलून ठेवलेलं मटेरियल जागेवर राहतं, बँकेचा हप्ता मात्र चालू. मोठ्या कंपनीच्या अहवालात हा खटला एका ओळीत असतो आणि मच्छेच्या शेडमध्ये त्याने दोन शिफ्टची एक शिफ्ट होते. या माणसांबद्दल पेटंटच्या बातम्यांत कधीच काही येत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

सीमाभागात कार्यक्षेत्राचाही प्रश्न आहे. कोल्हापूरच्या उद्योजकाचा पेटंट अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयात जातो, आपला चेन्नईच्या, कारण कर्नाटक चेन्नईच्या कक्षेत येतं. अर्ज ऑनलाइन होतो, त्यामुळे प्रवासाची भीती नाही. एकट्या व्यक्तीला, स्टार्टअपला किंवा लहान उद्योगाला ऑनलाइन अर्जाचं मूळ शुल्क १,६०० रुपये आहे, मोठ्या कंपनीला ८,०००. पेटंटभंगाचा दावा जिल्हा न्यायालयाच्या खाली चालत नाही, आणि समोरच्याने पेटंट रद्द करण्याची उलट मागणी केली की तो उच्च न्यायालयाकडे जातो. कोल्हापूरला ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं आहे, आपल्यासाठी कर्नाटक उच्च न्यायालयाचं खंडपीठ धारवाडला आहे. प्रत्यक्षात मोठ्या कंपन्या बहुधा दिल्लीत दावा लावतात, आणि मग उद्यमबागेतल्या माणसालाही दिल्लीचा वकील शोधावा लागतो.

म्हणून नवी पार्टी, नवा भाग असेल तर काम घेण्याआधी पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावरच्या इनपास या मोफत शोधात भागाचं नाव आणि पार्टीच्या स्पर्धकांची नावं घालून बघा. अर्धा दिवस जाईल. तिथे क्लेमसकट पूर्ण कागद मिळतो. काही संशयास्पद दिसलं तर पेटंट एजंटला दाखवा.

आणि पीओच्या (पर्चेस ऑर्डरच्या) मागच्या बारीक अक्षरांतल्या अटी वाचा. पुष्कळ छापील पीओंमध्ये असं लिहिलेलं असतं: पुरवलेल्या मालामुळे कुणाच्या पेटंटचा भंग झाला तर सगळं नुकसान पुरवठादाराने भरावं. आपलं स्वतःचं डिझाइन असेल तर ही अट रास्त आहे. ड्रॉइंग पार्टीचं असेल तर ती बदलून मागा. तीन गोष्टी लेखी हव्यात: खरेदीदाराच्या ड्रॉइंगप्रमाणे घडवलेल्या मालाबद्दल पेटंटची जबाबदारी आणि वकिलाचा खर्च खरेदीदाराचा, कोर्टाच्या हुकुमाने काम थांबलं तर तयार माल, सुरू असलेला माल आणि टूलिंग यांचे पैसे खरेदीदार देईल, आणि कोणत्याही परिस्थितीत आपली जबाबदारी त्या ऑर्डरच्या रकमेपेक्षा जास्त नसेल. पार्टी तिन्ही मान्य करेलच असं नाही. पहिल्या अटीवर मात्र अडून बसायला हरकत नाही, कारण तो भाग कसा असावा हे त्यांनीच ठरवलेलं असतं.